आभाळाचं कुंपण

“बोलतं त्याला कुनीबी हुडकील. मुक्याला आपनच हाक मारायला लागते.”

तांबडमाचीच्या कोंडाजीचं हे कायमचं बोलणं. पोलादपूरच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं खोपट होतं. बंद पडलेला सेट पुढ्यात आला की मागचं झाकण काढता काढता तो हेच म्हणायचा. म्हैस रानात चुकली तरी हेच. बायको रंगूबाई चार दिवस रुसून बसली, तर चुलीपुढं उकिडवा बसून हेच म्हणायचा आणि नंतर गप्प व्हायचा.

“मंग मारा की हाक,” रंगूबाई फुंकणीनं विस्तव फुलवत म्हणायची.

“मारली की मगाशी.”

“कवा?”

“मनात.”

असा माणूस. त्याच्याबरोबर जिनं संसार केला, तिला त्याच्या पाठीवरून त्याचं मन वाचायला शिकावं लागलं.

पोलादपुरातून मान वर करून बघितलं, तर डोंगराच्या बरगडीला अकरा घरं चिकटलेली दिसायची. तीच तांबडमाची. वर नाचणी-वरी, खाली ओहोळाच्या काठानं भाताची चार खाचरं, आणि घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत. कोंडाजी मात्र गिरणीत गेला नाही. महाडला मामाकडं राहून तो सातवी पास झाला आणि एकेचाळीस साली तोफखान्यात भरती झाला. बरोबरीचे तोफांवर गेले. याच्या वाट्याला विजेचं एक जनित्र आलं, आणि त्या जनित्राच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला एक बंद गाडी. त्या गाडीत रडार होतं. रडार म्हणजे काय, हे त्यानं रंगूबाईला एकदाच सांगितलं होतं: गाडीतून विजेची हाक सुटते, आभाळात विमान असलं तर हाक त्याला धडकून माघारी येते, जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून विमान किती कोसांवर आहे ते कळतं. आधी जनित्र राखणारा, मग तारा जोडणारा, आणि शेवटी रडार उघडून बरं करणारा, असा तो पाच वर्षांत चढत गेला.

सेहेचाळीस साली त्याच्या साहेबानं त्याला थांब म्हटलं. बाप अंथरुणाला खिळला होता, पाठीला भाऊ नव्हता. कापणी उरकून येतो, असं सांगून कोंडाजी आला. ती कापणी झाली. बाप गेला. एकुलती लेक तुळसा मोठी होऊन नाते गावी नांदायला गेली. एकामागून एक अकरा कापण्या झाल्या, आणि थांब म्हणणारा साहेब कधीच बोटीत बसून त्याच्या देशाला निघून गेला.

पहिल्या वर्षी रंगूबाईला वाटलं, लढाईत हा होता तिकडं पूर्वेला कुणी बाई असावी. झोपेत या माणसाची बोटं हवेत काहीतरी फिरवायची, हळू, अगदी जपून. एक दिवस तिनं विचारलंच.

“कोन व्हती ती?”

“कोन?”

“जिच्यासाटनं झोपंत हात फिरवताय.”

कोंडाजी बराच वेळ हसला. मग म्हणाला, “गो, गाडीत एक काच व्हती. हिरवी. तिच्यावर उजेडाची रेघ, न विमान आलं की रेघंला कोंब फुटायचा. बटन अल्लाद फिरवून त्यो कोंब पकडायचा. दुसरं कोन नाय.”

रंगूबाई त्या दिवशी हसली खरी. पण बाई असती तर एकदाची विटली असती, म्हातारी झाली असती. काच कशी म्हातारी व्हायची? ती काच जन्मभर या घरात सवतीसारखी राहणार, हे तिला तेव्हाच कळलं.

घरात एक घड्याळही होतं. एकोणपन्नास साली रंगूबाईचा भाऊ सयाजी ते मुंबईहून पाठीवर बांधून घेऊन आला. लंबकाचं, भिंतीवरचं. कोंडाजी तेव्हा बाजारात होता. सयाजीनं घड्याळ पडवीत टांगलं, चावी दिली आणि बहिणीला बजावलं, “आक्का, ह्यो आमचा गिरनीचा टाइम हाय, मुंबईचा. सरकारी टाइम ह्याच्यापुढं एकुनचाळीस मिन्टं पळतो. तू काट्याला हात लावू नको. ह्यात सात वाजले का समज, तुजा भाव गिरनीत शिरला.” तिनं हात लावला नाही. रोज सकाळी सातच्या ठोक्याला ती घड्याळाकडं बघायची आणि भाऊ दारातून आत गेला असं मनात म्हणायची. पुढं मुंबईनंसुद्धा आपला वेगळा टाइम मोडला, पण ते माचीला कुणी सांगायला आलं नाही.

कोंडाजीचं लष्करातलं मनगटी घड्याळ चिखलणीत पडून मेलं होतं. तो घरून निघताना हे घड्याळ बघायचा आणि खाली पोचला की खोपटातल्या रेडिओवर वेळ ऐकायचा. दोन-चार महिन्यांत त्याला एक नवल सापडलं. संध्याकाळी पायरीवर पाय धूत त्यानं ते बायकोला सांगितलं.

“उतरताना मला पावनेतीन तास लागतात. न डोंगर चढून येताना दोन तासबी लागत नायत. सांग का?”

रंगूबाईला ते का, हे क्षणात कळलं. पण तिनं विचारलं, “का?”

“घराची वढ. दुसरं काय?”

न बोलणाऱ्या माणसाचं हे एवढंच बोलणं तिला जन्मात मिळालेलं. ते खोटं ठरवायला तिची जीभ रेटली नाही. आठ वर्षं रेटली नाही. कुणी शेजारीण नवऱ्याचं कौतुक सांगू लागली की रंगूबाई मनातल्या मनात तो डोंगर दोन तासांच्या आत चढून यायची.

सत्तावन्नच्या ऑक्टोबरात रशियानं आभाळात चंद्र सोडला. महाडच्या वाचनालयात कोंडाजीनं ती बातमी उभ्यानं तीनदा वाचली. पंधरवड्यानंतरच्या एका संध्याकाळी, दिवेलागणीला, नाचणीच्या राखणीवर बसलेला शेजारी भागोजी आपल्या माळ्यावरून ओरडला, “कोंडाजीदादा! त्यो बग रशियाचा चांद! चाललाय कसा, जावई सासुरवाडीला चालल्यागत!”

उगवत्या चांदण्यांमधून एक ठिपका लुकलुकत, आवाज न करता, मकरंदगडाच्या अंगानं उतरत गेला. माळ्याखालून चाललेला कोंडाजी बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, “त्यो चांद नव्हं.”

“पेपरात छापलंय की!”

“चांद फुटबॉलएवढा. त्यो डोळ्यांना दिसायचा नाय. त्याला आवाज हाय, रेडिओवर पिकपिक करतो. ही त्याला वर घालवायला गेलेली नळी. रिकामी. दोन-तीन एस्टी गाड्या एकापुढं एक लावाव्या, एवढी. काम संपलं, आता नुसतीच फिरते.”

“म्हंजे कचरा!”

“कचराच. पन त्यो बोलत नाय, न उद्या असा कचरा आभाळभर हुईल. एक दुसऱ्यावर आदळंल. तवा कुटं काय फिरतंय, ह्ये कुनी कसं सांगायचं?”

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यावर रेघा ओढू लागला. रंगूबाईनं त्या माणसाचे डोळे असे कधी पाहिले नव्हते. लग्नातही नाही.

“आख्ख्या आभाळात एवढीशी नळी कशी घावनार?” तिनं विचारलं.

कोंडाजीनं पेन्सिल कानावर ठेवली. “डुकराची राखन कशी करतो आपन? डोंगरभर त्याच्या मागं धावतो? नाय. खिंडीत बसतो. डुक्कर कुटंबी हिंडूदे, खिंड वलांडल्याबिगर शेतात येत नाय. ह्ये पन तसंच. पिरथवीला घिरट्या घालनारं कायबी असूदे, एक रेघ त्याला वलांडायलाच लागंल. मंग त्या रेघंवर विजेचं कुंपन उभं करायचं. पातळ, पंख्यावानी, इथनं तिथवर. इकडनं हाक सारखी वर सोडायची, न शंभर कोसांवर दुसरा कान लावून बसायचं. कुंपनाला कायतरी लागलं की पडसाद खाली येईल.”

“येईल का पन?”

“तीच खरी मेख हाय,” तो म्हणाला. “अंतर दुप्पट झालं का पडसाद सोळा पटीनं बारीक हुतो. एवढा बारीक आवाज धरायचा म्हंजे कान केवढा पायजे, तेच मांडतोय.”

तो कान मांडण्यात दोन वर्षांची जुनी कॅलेंडरं संपली. पण नुसत्या रेघांवर कोण विश्वास ठेवणार? कुंपणाची रीत खरी आहे, हे डोळ्यांनी तरी सिद्ध करायला हवं होतं. माचीवर राखणीचा एक जुना रिवाज होता. डुक्कर ज्या माळ्यासमोरून जाईल त्या माळ्यानं एकच हाळी द्यायची, मग पुढच्या माळ्यानं सावध राहायचं. कोंडाजीनं तोच रिवाज आभाळाला लावला. भागोजीचा माळा, मधला आपला, आणि ओहोळापलीकडं माचीतल्याच सदूचा. प्रत्येक माळ्यावर त्यानं उंच बांबू रोवला, टोकाला ओळंबा सोडला. ठिपका आपल्या दोरीला शिवला की ज्यानं त्यानं हाळी द्यायची.

वेळ टिपायचं काम रंगूबाईकडं. तिला अक्षर येत नव्हतं, घड्याळ येत होतं. पहिली हाळी आली की ती भिंतीवर कोळशानं वर्तुळ काढून त्यात काटे जसेच्या तसे ओढायची, आणि तिथून लंबकाचे ठोके मोजू लागायची. विसाविसानं. एक वीस झाली की एक उभी रेघ. भागोजीची हाळी दरी ओलांडून यायला चार ठोके लागतात, तेवढे कोंडाजी मागाहून वजा करायचा.

“वयनी,” भागोजी म्हणायचा, “डुकरानं माजी नाचनी खाल्ली, मी वर बगत बसलो म्हनून. आता रशियाला भरून द्यायला सांगा.”

“तुज्या नाचनीत व्हतं काय? डुक्करच उपाशी गेला आसंल.”

नोव्हेंबर सरेपर्यंत भिंतीवर सतरा वर्तुळं झाली. रंगूबाईला वाटायचं, हे कधी संपू नये. दिवेलागणीला तो वर उभा, ती खाली उभी, आणि दोघं एकाच गोष्टीची वाट बघतायत, असं त्यांच्या संसारात पहिल्यांदा घडत होतं. डिसेंबराच्या सुरुवातीला ती नळी जळून गेल्याची बातमी आली. कोंडाजीनं सगळी वर्तुळं वहीत उतरवली, कुंपणाची आकृती जोडली, आणि मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेला पाकीट धाडलं. शेवटी लिहिलं: जुन्या रडारवर पाच वर्षं काम केलेलं आहे, असं काही उभारणार असाल तर पडेल ते काम करीन.

पाकीट टाकून आल्यावर तो म्हणाला, “बोलावतील.” मग जरा वेळानं, “बोलावतील का गो?”

रंगूबाईनं भाकरी उलटली. “बोलावतील,” म्हणाली.

उत्तर जानेवारीत आलं. भागोजी बाजारातून ते घेऊन आला. कोंडाजीनं वाचलं, घडी केली, टोपीत खोवलं आणि गुरांकडं गेला. रात्री रंगूबाईनं विचारलं तेव्हा त्यानं मोजकं सांगितलं. ‘आपण दिलेल्या वेळी सदर वस्तू आपल्या आकाशात नव्हती. सतराही नोंदी सारख्याच अंतरानं चुकतात. खरं निरीक्षण असं एकसारखं चुकत नाही. त्यामुळं वर्तमानपत्रातल्या आकड्यांवरून नोंदी घरी बसून केल्या असाव्यात, असं दिसतं.’

“म्हंजे?”

“म्हंजे मी खोटा.”

सारख्याच अंतरानं. रंगूबाई चुलीतल्या निखाऱ्याकडं बघत राहिली. किती अंतरानं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सयाजीनं आठ वर्षांमागं सांगितलं होतं.

आता ते सांगायचं की नाही, हे तिच्या एकटीच्या हातात होतं. सांगितलं तर हा जाईल. न सांगितलं तर इथंच राहील, डोळ्यांपुढं, दोन वेळच्या भाकरीला. पाच वर्षं तिनं एकटीनं काढली होती. ती कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. आणि सांगितलं, तर त्या डोंगराचं काय? घराच्या ओढीनं दोन तासांत चढला जाणारा डोंगर तिला स्वतःच्या तोंडानं मोडावा लागणार होता.

आठ दिवस ती गप्प राहिली. कोंडाजी बाजारात गेला नाही. नवव्या दिवशी सकाळी चूल पेटवायला तिनं पेटवणाच्या टोपलीत हात घातला, तर हाताला कागद लागला. कॅलेंडरची पानं. कुंपणाच्या रेघा, कानाचे आकडे, सगळी नीट चौकोनी फाडून शेणकुटांवर रचलेली. रागानं फाडलेली नव्हती. चूल लवकर पेटावी, बायकोला त्रास होऊ नये, अशा बेतानं फाडलेली होती.

ती पानं तशीच पदरात घेऊन ती पडवीत आली. कोंडाजी दोरी वळत बसला होता.

“अवो, घड्याळ मागं हाय.”

“चुकत नाय त्ये. ठोके तपासलेत मी.”

“ठोके बरोबर हायत. काटे मागं हायत. गिरनीचा टाइम हाय त्यो, सयाजीनं लावलेला. सरकारी टाइम एकुनचाळीस मिन्टं पुढं.”

कोंडाजीच्या हातातली दोरी थांबली. त्यानं घड्याळाकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या सतरा वर्तुळांकडं. त्याचे ओठ हलत होते. वजाबाकी चालली होती. रंगूबाईला वाटलं, आता हा उठेल, ओरडेल, निदान पेन्सिल मागेल. तो मात्र वेगळंच बोलला.

“म्हंजे मला चढायला अडीच तास लागत व्हते.”

“व्हय.”

“न उतरायला दोन.”

“समद्यांनाच तेवढे लागतात.”

“तुला ठावं व्हतं?”

“पयल्या दिसापासनं.”

“मंग बोलली नाय ती?”

रंगूबाईनं पदरातली पानं त्याच्यापुढं ठेवली. “तुमी वढ म्हनालात,” ती म्हणाली. “पुन्ना म्हनाल की नाय, कोन जाने. म्हनून ठेवली.”

कोंडाजीनं पानं एकेक करून जुळवून पाहिली. मग त्यानं भाताची खळ करायला सांगितली आणि दोघांनी मिळून दुपारपर्यंत ती पानं चिकटवली. त्यानं नवं पत्र लिहिलं. चूक घड्याळाची नव्हे, आमची, असं लिहिलं. सतराही वेळांत एकोणचाळीस मिनिटं मिळवून पाहावीत, एवढीच विनंती केली. पत्र घेऊन तो स्वतः खाली उतरला, भर उन्हात, आणि काळोख पडायच्या आत परत आला. किती वेळात चढला, ते दोघांपैकी कुणीच मोजलं नाही.

या खेपेला उत्तर बारा दिवसांत आलं. सतराच्या सतरा नोंदी जुळल्या होत्या. रेगे नावाच्या अधिकाऱ्यानं आधीच्या पत्राबद्दल स्वतःच्या हातानं माफी लिहिली होती. पुढं होतं: युद्धातलं एक जुनं रडार दुरुस्त करून आभाळाकडं वळवायचा विचार आहे, ते आतून ओळखणारा माणूस मिळत नाही. काम बंगळूरकडं. दोन वर्षांचं, वाढेलही. कुटुंबासाठी जागा नाही. एक मार्चला हजर व्हावं.

शिमगा तोंडावर आला होता. गिरणीतले चाकरमानी माचीकडं यायच्या दिवसांत एक माणूस माचीवरून निघाला, असं तोवर कधी घडलं नव्हतं.

“सगळे येतात न तू जातोस?” भागोजी म्हणाला. “पालखी कोन नाचवनार? मी? माजा गुडगा नाचंल, मी नाय.”

“यंदा तू धर,” कोंडाजी म्हणाला.

“जा बाबा. वरनं एकांदी नळी माज्या शेतावर पडायला लागली तर तेवढं कळव.”

तो निघाला तेव्हा ऊन नुकतं खळ्यावर आलं होतं. रंगूबाईनं बांधलेल्या भाकऱ्या त्यानं ट्रंकेत ठेवल्या. तुळसा येऊन भेटून गेली होती.

“गुरांना वैरन हाय, वैशाखापावत पुरंल,” तो म्हणाला.

“पुरंल.”

“येतो.”

“या.”

त्यानं ट्रंक उजव्या खांद्यावर चढवली आणि तो वाटेला लागला. वाट तिरकी, डोंगराला वळसे घेत खाली जाणारी. उतरणाऱ्याच्या उजव्या अंगाला माची राहते. त्यामुळं खळ्याच्या काठाशी उभ्या असलेल्या रंगूबाईला दिसत होती ती नुसती ट्रंक, आणि ट्रंकेखाली चालणारे दोन पाय. भागोजी शेजारी येऊन उभा राहिला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. करवंदीच्या जाळीपाशी ते पाय थांबले. कोंडाजीनं ट्रंक खाली उतरवली, पुन्हा उचलली, आणि डाव्या खांद्यावर घेतली. आता त्याचा चेहरा माचीच्या बाजूला मोकळा होता. खांदा भरून आला म्हणून बदलला की दुसऱ्या कशासाठी, ते इतक्या लांबून रंगूबाईला कळेना. ती बघत राहिली. वाट सागाच्या रानात शिरेपर्यंत त्यानं तो खांदा पुन्हा बदलला नाही.